उजव्या खुर्चीची माया

आमच्या घरात दोघांचंही पोट बटणांवर चालतं. बायको बटणं लावते, मी बटणं दाबतो. हा विनोद तिचा आहे. घरी नवीन माणूस आला की पाचव्या मिनिटाला ती तो ऐकवते आणि माझ्याकडे बघते. मी हसतो, कारण हसलो नाही तर ती तो पुन्हा सांगते.

ती शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. मी मनोरंजन बागेत चालक आहे. आधी छोटी आगगाडी चालवली, मग उंच पाळणा, आणि गेली सहा वर्षं माझ्याकडे 'झुंज' आहे. झुंज म्हणजे नुसतं बसून ओरडायचा पाळणा नव्हे. मधे जाड खांब, त्याला चार लोखंडी हात, प्रत्येक हाताच्या टोकाला शेजारी शेजारी दोन खुर्च्या. खांब फिरतो, हात वर-खाली होतात आणि भोवतीच्या गोल भिंतीवर दिव्यांचे ठिपके पळत असतात. बसणाऱ्याच्या हातात एक दांडा, दांड्याला खटका, पायाखाली पायडल. पायडलने खुर्ची वळवायची, खटक्याने ठिपका टिपायचा. शेजारच्यापेक्षा तुम्ही जास्त टिपलेत की तुमची खुर्ची चढते, त्याची उतरते, आणि उतरलेली खुर्ची गदागदा हलायला लागते. चार मिनिटांत एक जण राजासारखा खाली उतरतो आणि दुसरा भिंतीला धरून.

खुर्च्यांचे पट्टे बांधायला जे गृहस्थ आहेत ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांना सगळे पट्टेवाले म्हणतात. इथे येण्याआधी ते एका कचेरीत खरोखरच पट्टेवाले होते, त्यामुळे त्यांना नाव बदलावं लागलं नाही. ते पट्टे बांधतात, हात वर करतात, मी केबिनमध्ये हिरवा दिवा बघतो आणि सुरू करतो. माझ्या काचेतून थांबलेल्या खुर्च्यांच्या फक्त उंच पाठी दिसतात. एकदा फेरी सुरू झाली की माणसं भर्रकन समोरून जातात, पण तेव्हा मी माणसं बघायची नसतात, दिवे बघायचे असतात. नियमच आहे तसा, आणि मी नियमाचा पक्का माणूस आहे. निदान असं मला वाटत होतं.

बागेत काम करणाऱ्यांच्या घरच्यांना आठवड्यातून एक दिवस फुकट प्रवेश असतो. बायकोने तो कधी वापरला नाही. "मला घरबसल्या गरगरतं, आणखी कशाला," म्हणायची. एकदा पट्टेवाल्यांची उसवलेली पँट नीट करून द्यायला म्हणून आली. पहिल्या हातावर एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्या शेजारी एक दंडाच्या बेटकुळ्या मिरवणारा तरुण जोडीदाराची वाट बघत बसला होता. मी थट्टेत म्हटलं, "बस की. पँटचं बक्षीस समज."

ती बसली. पर्स पट्टेवाल्यांकडे दिली, चष्मा नाकावर घट्ट केला, आणि चार मिनिटांनी त्या तरुणाला भिंत धरावी लागली. तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा हरला. तिसऱ्यांदा हरल्यावर त्याने विचारलं, "काकू, तुम्ही करता काय?"

"पोलकी शिवते," ती म्हणाली.

खरं तर तेच उत्तर होतं. नवखा माणूस खुर्ची हलली की दोन्ही पाय रोवून बसतो. हात चालला की त्याचा पाय थांबतो, पाय चालला की हात. माझ्या बायकोचे हात आणि पाय तीस वर्षांत एकमेकांना विचारून चाललेले नाहीत. शिवताना सुईकडे बघायचं नसतं, सुई पुढे जिथे पडणार तिथे बघायचं असतं. ती ठिपक्यामागे धावतच नव्हती. तो येणार तिथे आधीच जाऊन थांबत होती. मी सहा वर्षं ते यंत्र चालवतो, मला हे कधी सुचलं नाही.

त्या दिवशी ती केबिनमध्ये डोकावली. माझ्यासमोरच्या पॅनेलवर झाकणाखाली आठ छोट्या कळा आहेत, प्रत्येक खुर्चीची एक. ती म्हणाली, "ह्या कशाच्या?" मी सांगितलं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बसलं की ती कळ एक-दोन घर फिरवायची. मग त्या खुर्चीला ठिपके थोडे मोठे धरले जातात, नेम जरा चुकला तरी लागला असं यंत्र मानतं. बसणाऱ्याला पत्ता लागत नाही. तो आपला खूश होऊन घरी जातो.

"म्हणजे माया," ती म्हणाली.

कापड बेतताना शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही. अंग सुटलं की उसवून तेवढं मोठं करता येतं. तेव्हापासून आम्हीही त्या कळांना माया म्हणायला लागलो. पट्टेवाले खालून ओरडायचे, "आजोबा आहेत हो, दोनची माया ठेवा!" आणि रांगेतल्या लोकांना वाटायचं, किती प्रेमळ माणसं आहेत ही.

"मला ठेवली होतीत का आज?" तिने विचारलं.

"छे."

"ठेवू नका कधी."

मी म्हटलं, "तुला ठेवली तर बाकीच्यांनी कुठे जायचं?" ती लाजली. पन्नाशीच्या बाईला तुम्ही खरोखर लाजताना बघितलं नसेल तर सांगतो, बघण्यासारखं असतं.

मग ती दर आठवड्याला यायला लागली. फुकट प्रवेशाच्या दिवशी जेवण लवकर उरकायचं, गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगायचं आणि बागेत. रांगेतली पोरं "काकू आल्या" म्हणून बाजूला व्हायची, तिच्याबरोबर बसायला भांडायची. घरी आली की भांडी घासता घासता मला आख्खी फेरी पुन्हा सांगायची, जणू मी तिथे नव्हतोच. मीही ऐकायचो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोकडे सांगायला काही नवीन असणं ही काय चीज आहे, ते ज्याचं त्याला माहीत.

ती आयुष्यात कशातच कधी पहिली आली नव्हती. शाळेत धावायची ती शेवटून दुसरी. घरात हुशार ती थोरली बहीण, देखणी ती धाकटी, आणि ही मधली, हिचा हात चांगला. हात चांगला म्हणजे कामाला चांगली. थोरलीला झुंजेचं कळलं तेव्हा ती आमच्याच बाकावर बसून, आमचाच चहा पीत म्हणाली, "यंत्र नवऱ्याच्या हातात आहे ना? मग तूच जिंकणार."

बायको हसली. "विचार त्यांना, ठेवतात का माया."

"ते काय सांगतील," थोरली म्हणाली.

ते बायकोच्या मनाला लागलं. म्हणून बागेने झुंजेची स्पर्धा जाहीर केली तेव्हा नाव द्यायला ती सगळ्यांच्या आधी गेली. जिंकेल त्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते, तिथे ठिकठिकाणच्या बागांचे विजेते येणार होते. तिला त्याचं फारसं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. स्पर्धेला बाहेरचे पंच येणार, ते सगळ्या कळा शून्यावर आणून झाकण लावणार. "मग कोणी म्हणायचं नाही, नवऱ्याने जिंकवलं," ती म्हणाली. "एकदा तशी जिंकले की झालं. मग हरले तरी चालेल."

ती सहज पुढे जात राहिली. शेवटच्या फेरीत समोर आली एक कॉलेजातली मुलगी. चष्मेवाली, किरकोळ, पण हात असा की ठिपका उगवताच टिपायची. उपांत्य फेरीत तिला खेळताना मी बघितलं आणि फेरी संपल्यावरही तिच्या गुणांकडे बघत राहिलो.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात अडतो. मला बायको जिंकेल असं वाटलं नाही. एवढंच आहे सगळं. बाकीची कारणं मी नंतर जमवली: थोरली पहिल्या रांगेत बसली होती, गल्लीतली सात-आठ गिऱ्हाइकं आली होती, बायकोने स्वतःसाठी वर्षभरात पहिल्यांदा नवीन ब्लाउज शिवला होता. पण मुळात मला वाटलं, ही हरणार. आणि ती सगळ्यांसमोर हरलेली मला बघवणार नव्हती.

पंच दुपारी केबिनमध्ये आले. आठही कळा शून्यावर आणल्या, झाकण लावलं, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या मिसेस आहेत ना? तुम्हाला चालवायला काही अडचण?" मी म्हटलं, "मी फक्त बटण दाबतो साहेब." ते हसून खाली गेले. चिठ्ठ्या काढल्या. भोंग्यावरून नावं आली: बायकोला उजवी खुर्ची, मुलीला डावी. उजवी खुर्ची बरी. खांब फिरतो तेव्हा डावी बाहेरच्या बाजूला येते, तिला फेक जास्त बसते. मला हायसं वाटलं. पण तेवढ्याने भागेना.

मी झाकण उघडलं आणि उजव्या खुर्चीला दोनची माया ठेवली. झाकण पुन्हा लावलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

तेवढ्या वेळात खाली काय झालं ते मला नंतर पट्टेवाल्यांनी सांगितलं. त्या मुलीचं तोंड पांढरं पडलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि बाहेरच्या खुर्चीत तिला मळमळायचं. माझ्या बायकोच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "अगं, मग तू उजवीत बस. मला डावी-उजवी सारखीच." मुलगी नको नको म्हणत होती. पंचांनी विचारलं, दोघींची कबुली आहे ना? आहे म्हटल्यावर त्यांनी कागदावर खूण केली. केबिनला कळवायचं काही कारणच नव्हतं. खुर्चीत कोणीही बसलं तरी यंत्राला काय फरक पडतो?

मला काचेतून दोन उंच पाठी दिसल्या. पट्टेवाल्यांनी हात वर केला. हिरवा दिवा लागला.

स्पर्धेसाठी सगळ्यांना डोकं झाकणारी शिरस्त्राणं दिली होती, दोन्ही एकाच रंगाची. पण शिरस्त्राण नसतं तरी मी ओळखलं असतं असं नाही, कारण मी बघतच नव्हतो. मी पॅनेलवरचे गुणांचे आकडे बघत होतो. उजवी पुढे गेली. उजवीची खुर्ची चढायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. पहिलं मिनिट, दुसरं मिनिट, उजवी वीस गुणांनी पुढे. मग डावीने असं काही धरलं की सांगता सोय नाही. फेक खात, खाली गदागदा हलत असताना ती एकेक ठिपका वेचायला लागली. एकही वाया नाही. वीसचे बारा झाले, बाराचे पाच झाले. मी मनात म्हटलं, काय पोरगी आहे. असा खेळ मी या यंत्रावर कधी बघितला नव्हता. मला तिचं कौतुक वाटलं आणि भीती वाटली, आणि शेवटचं मिनिट सुरू असताना मी झाकण वर करून उजवीची कळ दोनावरून तीनावर नेली.

भोंगा वाजला तेव्हा उजवीचे चारशे बारा होते, डावीचे चारशे पाच.

खांब थांबला. लोक उभे राहिले. मी कळ पुन्हा शून्यावर आणून केबिनमधून बाहेर आलो, जिना उतरताना चक्क हसत होतो. उजव्या खुर्चीतून उतरलेल्या व्यक्तीने शिरस्त्राण काढलं आणि चष्मा पुसला. ती कॉलेजातली मुलगी होती.

डाव्या खुर्चीत माझी बायको पट्टा सोडवत होती.

मी जिन्यावरच थांबलो. मला वाटलं, मी चुकीचं बघतोय. मग आकडे डोक्यात आपोआप जुळले. एका घराच्या मायेला चार मिनिटांत दहा-बारा गुण पडतात. दोन घरं सगळी फेरी, तिसरं शेवटचं मिनिटभर. सात गुणांनी हरलेली माझी बायको सरळ खेळात पंधरा-वीस गुणांनी जिंकली असती. वाईट खुर्चीत बसून. तिला हरवणारं तिथे कोणीच नव्हतं, मी सोडून.

आणि ती हसत होती. त्या मुलीला जवळ घेऊन पाठीवर थोपटत होती. माझ्याजवळ आली तेव्हा केस घामाने चिकटलेले, डोळे चमकत होते. "हरवलं हो पोरीने," म्हणाली. "पण आज मी काय खेळले बघितलंत का? शेवटी शेवटी बघितलंत?"

"बघितलं," मी म्हटलं.

"तुम्ही का असे झालात? माझ्यापेक्षा तुम्हालाच लागलं की." आणि माझा हात धरून ती थोरलीकडे गेली. थोरलीसुद्धा त्या दिवशी म्हणाली, "नाही गं, छान खेळलीस." पंचांनी झाकण लावलेल्या खेळात सात गुणांनी हरणं हा तिला मोठा मान वाटत होता. घरी जाताना रस्ताभर ती बोलत होती. मला तेव्हाच सांगता आलं असतं. बसमध्ये सांगता आलं असतं, कुलूप उघडताना सांगता आलं असतं. मी स्वतःला म्हटलं, खूश आहे, राहू दे. नोकरीचाही विचार आला, खोटं कशाला बोलू. पण नोकरीसाठी गप्प बसलो असतो तर निदान सरळ हिशेब झाला असता. मी गप्प बसलो कारण मला तिच्यासमोर उभं राहून 'मला तू जिंकशील असं वाटलं नव्हतं' हे म्हणायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून ती स्वतःला सुधारायला लागली.

"माझं पाऊल उशिरा पडतं," तिने ठरवलं. "त्या पोरीचं बघा, ठिपका दिसला की लगेच. मी आधी जाऊन थांबते, तिथेच सात गुण गेले." ती ठिपक्यामागे धावायला लागली. हात चालला की पाय थांबवायला लागली, बाकीचे करतात तसं. तीनशे ऐंशीची बाई तीनशे चाळीसवर आली, मग तीनशेवर. ज्यांना ती खेळता खेळता हरवायची त्या पोरांनी तिला हरवलं. पोरं बिचारी तिचं मन राखायला म्हणायची, "काकू, आज तुमचा दिवस नाही." घरी आल्यावर भांडी घासता घासता फेरी सांगणं बंद झालं. एकदा मशीनवर बसलेली असताना मी बघितलं, ती पायडलकडे बघून पाय टाकत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा तिची शिवण वाकडी गेली. तिने ती उसवली, आणि पुन्हा घातली तीही वाकडी.

त्या दुपारी मी बाकावर, गिऱ्हाइकांच्या जागी बसलो आणि सांगितलं. सगळं. दोनचं, तीनचं, 'ही हरणार' असं मला वाटल्याचं. मधे एकदा ती म्हणाली, "थांबा, मशीन बंद करते." बंद केलं. मग ऐकत राहिली.

मी म्हटलं, "तू जिंकली होतीस. पंधरा-वीस गुणांनी. तुझं पाऊल बिलकुल उशिरा पडत नाही. आधीसारखं खेळ."

ती हातातला दोरा बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या मुलीला कळू देऊ नका."

"पंचांना सांगायला हवं. मी सांगतो, माझं जे व्हायचं ते होऊ दे."

"नको. ती तिकडे जाणार आहे, घरच्यांना सांगितलं असेल. तिला काय ठाऊक होतं? तिचं तरी राहू दे."

मग तिने दोरा सोडवला आणि खाली बघतच विचारलं, "आणि त्याआधी?"

"त्याआधी काय?"

"आधी किती वेळा ठेवली होती?"

"एकदाही नाही," मी म्हटलं. "तुझ्या गळ्याची शपथ. पहिल्या दिवसापासून शून्य होती. ते सगळं तुझं होतं."

"तो पैलवानही?"

"तोही."

"हं," ती म्हणाली. "मी आत जाऊन चहा टाकते."

मी खरं बोलत होतो. आयुष्यात मी इतकं खरं क्वचित बोललो असेन, आणि माझं मलाच ते खोट्यासारखं ऐकू आलं.

पुढचे तीन आठवडे ती आली नाही. कपडे तुंबलेत म्हणाली. तुंबले नव्हते. चौथ्या आठवड्यात मी हट्टच धरला. म्हटलं, मी केबिनमध्ये बसतच नाही. पट्टेवाल्यांना यंत्र चालवायची परवानगी आहे, माझी सुट्टी असली की तेच चालवतात. ते वर बसतील, पट्टे मी बांधीन आणि फेरी संपेपर्यंत तुझ्या डोळ्यांसमोर उभा राहीन. तू फक्त एकदा खेळ. ती नाही नाही म्हणत अखेर आली.

तोच बेटकुळ्यांवाला तरुण शेजारच्या खुर्चीत बसला. मी तिचा पट्टा बांधला. खाली उतरून कठड्याला टेकलो, दोन्ही हात तिला दिसतील असे कठड्यावर ठेवले. वरून पट्टेवाल्यांनी सुरू केलं.

सुरुवातीला ती चाचपडत होती. मग तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला तिचा पाय सुटला. मला खालून कळलं, पाय हाताला विचारेनासा झाला. ठिपका उगवायचा आणि ती तिथे असायची. खुर्ची चढत चढत इतकी वर गेली की मला मान मागे टाकावी लागली. पोरं रांग मोडून पुढे आली. पहिल्यांदाच मला आकडे बघायचे नव्हते, म्हणून मी तिला बघितलं. चार मिनिटं फक्त तिलाच बघितलं, आणि हे मी आजवर एकदाही केलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

चारशे अडतीस. आमच्या यंत्रावर एवढे कोणी कधी केलेले नाहीत. पोरांनी टाळ्यांनी बाग डोक्यावर घेतली, तो तरुण भिंत धरून का होईना पण टाळ्या वाजवत होता. पट्टेवाले केबिनचं दार उघडून जिन्यावर आले आणि दोन्ही हात वर करून नाचल्यासारखं करायला लागले. मी तिचा पट्टा सोडवायला वाकलो. मी म्हटलं, "बघितलंस? बघितलंस ना?"

तिने आकड्याकडे बघितलं. मग जिन्यावरच्या पट्टेवाल्यांकडे बघितलं. चष्मा काढून पदराने पुसला. आवाजात राग अजिबात नव्हता, उलट मला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलावं तशी ती बोलली.

"त्यांना काय सांगून ठेवलं होतंत?"